ताई चीने खरंच कुणाला पाडता येतं का?

प्रश्न आहे एका पंचविशीतल्या मुलाचा. तो मुए थाई (थायलंडचं ठोसे-लाथांचं बॉक्सिंग) करतो, त्याच्या बाबांना पार्किन्सन्सची सुरुवात झालीय आणि फिजिओथेरपिस्टने त्यांना ताई ची सुचवलंय. मुलाने यूट्यूबवर शोधलं तर एकीकडे बागेत सावकाश हात फिरवणारे आजी-आजोबा दिसले आणि दुसरीकडे एका एमएमए (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारी लढत) फायटरने ताई चीच्या मास्टरला काही सेकंदांत लोळवलेलं दिसलं. म्हणून त्याला विचारायचंय की ही मुळात मारामारीची कला आहे का, असेल तर तिचं हे असं का झालं, भारतातून चीनला गेलेल्या बोधिधर्म या बौद्ध भिक्षूने चिनी लोकांना हे शिकवलं म्हणतात ते खरं का, आणि बाबांनी शिकावं का आणि त्याने स्वतःही शिकावं का.

मी चेन स्टाइलचं, म्हणजे चेन घराण्याच्या पद्धतीचं, ताई ची करतो आणि शिकवतो, बरीच वर्षं झाली, आणि हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक नव्या बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच, त्यामुळे एकदा नीट लिहितो. आधी सरळ उत्तर. हो, ही लढायचीच कला आहे, शेती करणाऱ्या एका गावातली, भाला-तलवारीसकट. पण ती पूर्ण शिकायची तर दोन माणसं लागतात. एकट्याने करायचा जो भाग आहे, म्हणजे फॉर्म, ठरलेल्या हालचालींची सलग मालिका, तो मैदानात शंभर जणांना एकदम शिकवता येतो, व्हिडिओवरून शिकवता येतो, म्हणून तो जगभर गेला. जोडीने करायचा भाग हाताला हात लावूनच शिकवावा लागतो, तो मागे पडला आणि एका टप्प्यावर तर त्याच्या मूळ गावातसुद्धा संपत आला होता. तुम्ही बघितलेले दोन्ही व्हिडिओ याच एका कारणातून आलेत.

गाव म्हणजे चेनजियागोऊ. चीनच्या हेनान प्रांतात, वेन काउंटीत, पिवळ्या नदीच्या उत्तरेला. नदीच्या दक्षिणेला त्याच प्रांतात शाओलिन मंदिर आहे. चेन घराणं मिंग राजवटीच्या सुरुवातीला शेजारच्या शान्शी प्रांतातून इथे येऊन वसलं आणि त्यांच्या नवव्या पिढीतला चेन वांगटिंग हा सतराव्या शतकातला माणूस या कलेचा मूळ पुरुष मानला जातो. १६४४ ला मिंग राजवट कोसळली, मांचूंचं राज्य आलं, आणि हा शिपाईगिरी केलेला माणूस गावी बसला. त्याच्या नावावर एक कविता सांगतात, तिचा आशय असा की आता वय झालं, रिकाम्या वेळात हातघाईचे डाव रचतो, हंगाम आला की शेत बघतो आणि पोरानातवंडांना शिकवतो. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो, कारण ताई चीभोवती डोंगर, ढग आणि पांढऱ्या दाढीवाले साधू असं जे चित्र लोक काढतात त्यापेक्षा हे चित्र कितीतरी खरं आहे, शेतीच्या हंगामावर चालणारी घरातली तालीम.

त्याने हवेतून काही काढलं नाही. त्याच्या आधीच्या शतकात ची जिग्वांग नावाचा मिंग सेनापती होऊन गेला (१५२८-१५८८), किनाऱ्यावर धुमाकूळ घालणाऱ्या चाच्यांना आवरून नाव काढलेला. त्याने सैनिकांच्या ट्रेनिंगसाठी पुस्तक लिहिलं, त्यात नि:शस्त्र लढाईच्या ३२ पोझिशन्स चित्रांसकट दिल्या. आज चेन स्टाइलच्या फॉर्ममध्ये त्यातल्या बऱ्याच जशाच्या तशा नावाने सापडतात, अंगरखा खोचणे, एकेरी चाबूक, एका पायावरचा सोनेरी कोंबडा वगैरे. आणि त्याच पुस्तकात सेनापती स्पष्ट म्हणतो की मोठ्या लढाईत नुसत्या हातांचा फारसा उपयोग नाही, पण अंग मोकळं होण्यासाठी, हातपाय चपळ होण्यासाठी आणि हत्यार शिकायच्या आधीची तयारी म्हणून हे करावं. म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वीच एका लढवय्या माणसाने लिहून ठेवलंय की एकट्याने करायच्या हालचाली ही तयारी आहे. ती तयारी म्हणजेच लढाई असं जर कुणी आज समजत असेल किंवा विकत असेल तर तो मूळ गोष्टीच्याच विरुद्ध जातोय.

आता बोधिधर्म. हे मला दर वेळी सांगावं लागतं आणि काही लोक नाराज होतात, पण खरं ते खरं. बोधिधर्माने शाओलिनमध्ये कुंग फू शिकवलं हे ज्या ग्रंथाच्या आधाराने सांगतात तो ग्रंथ सतराव्या शतकातला आहे, बोधिधर्माच्या काळानंतर हजार वर्षांहून जास्त उलटल्यावरचा. आणि ही गोष्ट सर्वसामान्यांत पसरली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, छापील गोष्टी-कादंबऱ्यांमधून. ताई चीच्या स्वतःच्या दंतकथेत तर बोधिधर्म नाहीच, तिथे झांग सानफेंग नावाचा वूदांग डोंगरावरचा दाओवादी साधू आहे. तांग हाओ नावाच्या चिनी इतिहास संशोधकाने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतः चेनजियागोऊला जाऊन घराण्याचे कागद बघितले आणि या दोन्ही साधूंच्या गोष्टींना आधार नाही असं मांडलं, त्याबद्दल त्याला भरपूर शिव्याही खाव्या लागल्या. भारताबद्दल अभिमान वाटायला आपल्याकडे खूप काही आहे, त्यासाठी दुसऱ्याच्या गावातल्या शेतकऱ्यांचं श्रेय घ्यायची गरज नाही.

गावाबाहेर ही कला गेली ती यांग लुचानमुळे (१७९९-१८७२). हा हेबेई प्रांतातल्या योंगनियानचा. चेनजियागोऊला चौदाव्या पिढीतल्या चेन चांगशिंगच्या हाताखाली शिकला. भिंतीआडून चोरून बघून शिकला ही गोष्ट तुम्हाला सगळीकडे ऐकायला मिळेल, ती गोष्ट म्हणूनच ऐका. पक्कं आहे ते एवढं की तो पुढे बीजिंगला गेला, मांचू सरदारांच्या वाड्यांवर शिकवू लागला आणि त्याला कुणी हरवू शकत नाही असा त्याचा लौकिक झाला. त्या काळात असं नाव नुसत्या फॉर्मवर मिळायचं नाही, आव्हान द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला अंगावर घ्यावं लागायचं. त्याच्याकडून आणि त्याच्या मुलांकडून पुढे शाखा फुटल्या आणि आज ज्या पाच मुख्य स्टाइल्स म्हणतात, चेन, यांग, दोन वेगवेगळ्या वू आणि सुन, त्यांची मुळं शेवटी याच गावात येतात.

मग हळू कधी झालं? इथे एक गैरसमज काढून टाकतो. चेन स्टाइलचा फॉर्म सगळाच हळू नसतो. तो हळू चालतो, मध्येच झटका येतो, जमिनीवर पाय आपटतो, उडी येते, परत हळू. दुसरा फॉर्म आहे पाओचुई, त्यात तर हळू काम फार कमी, जवळजवळ सगळा वेगात आणि स्फोटासारखा, नीट करणारा माणूस शेजारी करत असेल तर जमीन हादरलेली पायाला कळते. यांग लुचानचा नातू यांग चेंगफू (१८८३-१९३६) याने हे सगळं सपाट केलं, उड्या काढल्या, पाय आपटणं काढलं, एकसारखी संथ गती ठेवली, पोझिशन्स मोठ्या आणि मोकळ्या केल्या. १९२८ च्या सुमाराला तो शांघायला आला आणि तिथे शिकायला येणारे लोक होते व्यापारी, शिक्षक, ऑफिसात बसणारे, आजारी, थकलेले. त्यांना पाओचुई शिकवून काय उपयोग होता?

यांग चेंगफूला दोष द्यायची पद्धत आहे आमच्या चेनवाल्यांमध्ये, मला ती अजिबात पटत नाही. त्याने केलं नसतं तर ही कला आज दहा-बारा गावांत राहिली असती. शिवाय तोपर्यंत जगच बदललं होतं, बंदुका आल्या होत्या, मालाच्या काफिल्यांना संरक्षण द्यायचा चेन घराण्याचा जुना धंदा बसला होता, आणि चिनी लोकांना परकीयांपुढे आपण शरीराने दुबळे आहोत ही बोच लागलेली होती. १९२८ लाच नानजिंगला सरकारने राष्ट्रीय युद्धकलांची मध्यवर्ती संस्था काढली. व्यायाम, आरोग्य, राष्ट्राची तब्येत हा नवा उद्देश होता, आणि त्यात हळू ताई ची चपखल बसलं.

त्याच १९२८ मध्ये चेन घराण्याची माणसं बीजिंगला आली. आधी चेन झाओपी आला, मग त्याला नानजिंगला बोलावणं आलं तेव्हा त्याने आपल्या जागी काकाला बोलावलं, चेन फाके (१८८७-१९५७). हा माणूस शेवटपर्यंत बीजिंगमध्येच शिकवत राहिला. राजधानीतल्या लोकांना तोपर्यंत ताई ची म्हणजे यांगवाल्यांचं मऊ, संथ काम एवढंच माहीत होतं, आणि हा खेडेगावातून आलेला माणूस त्याच नावाखाली धाडकन उडवणारं काहीतरी करत होता, लोकांना आधी विश्वासच बसेना की हे ताई ची आहे.

पण मला मनापासून सांगायचंय ते पुतण्याबद्दल, चेन झाओपीबद्दल (१८९३-१९७२). त्याचं नाव बाहेर फार कुणी घेत नाही. युद्ध आलं, जपानी आले, १९४२-४३ चा हेनानचा दुष्काळ आला ज्यात लाखो माणसं मेली, मग यादवी. गावातली जी पिढी शिकून तयार व्हायची ती भुकेने, लढाईने आणि पोटासाठी बाहेर पडण्याने विखुरली. झाओपी मधल्या काळात पिवळ्या नदीच्या बांधबंदिस्तीच्या सरकारी खात्यात नोकरीला होता. १९५८ ला तो निवृत्तीच्या वयात गावी आला तर काय दिसलं, जिथे घराघरात तालीम चालायची तिथे नीट शिकवणारं कुणी उरलेलं नाही आणि पोरं शिकत नाहीत. शहरात आरामात राहायचं सोडून हा म्हातारा गावी राहिला आणि आपल्याच घरी पोरांना गोळा करून शिकवायला लागला. मग १९६६ नंतर सांस्कृतिक क्रांती, जुनं ते सगळं सरंजामी, घातक. त्याचा छळ झाला, त्याला सगळ्यांसमोर अपमानित केलं गेलं, तरी शिकवणं लपूनछपून चालू राहिलं. त्याच्यानंतर चेन फाकेचा मुलगा चेन झाओक्वी गावात येऊन शिकवून गेला. त्या पोरांपैकी चौघं, चेन शियाओवांग, चेन झेंगलेई, वांग शियान आणि झू तियानचाई, पुढे जगभर गेले, आणि आज युरोप-अमेरिका-ऑस्ट्रेलियात जे चेन स्टाइल आहे त्याचा फार मोठा भाग या चौघांच्या हातून गेलेला आहे.

हे मी इतकं लांब का सांगितलं तर त्याच काळात देशभर वेगळंच चाललं होतं म्हणून. १९५६ ला चीनच्या क्रीडा खात्याने यांग स्टाइलवरून २४ हालचालींचा सोपा फॉर्म बसवला, पाच-सहा मिनिटांत होणारा, कारखान्यात, शाळेत, बागेत, कुठेही करता येणारा. तोच आज जगात सगळ्यात जास्त केला जाणारा ताई ची फॉर्म आहे आणि आपल्याकडेही क्लास लावला की बहुतेक वेळा आधी तोच शिकवतात. फॉर्म चांगला आहे, मी स्वतः नवशिक्या वयस्कर लोकांना तो शिकवतो. पण बघा, एकाच वेळी सरकारी पातळीवर एकट्याने करायचा भाग कोट्यवधी लोकांत पसरत होता आणि दोघांनी करायचा भाग एका खेड्यातल्या घरात एका म्हाताऱ्याच्या हातावर तगून होता. १९९० च्या बीजिंग एशियन गेम्सपासून वुशू, म्हणजे चिनी युद्धकलांचा स्पर्धेचा खेळ, आलं, त्यात ताई चीची स्पर्धा म्हणजे परत फॉर्मच, उंच उड्या, एका पायावर तोल, परीक्षक मार्क देणार. २०२० च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने ताई चीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, त्याच यादीत आपला योग २०१६ पासून आहे. मला आनंदच झाला. पण यादीत नाव आलं म्हणून हाताची जाण टिकत नाही, ती हातानेच पुढे द्यावी लागते.

तर ती हाताची जाण म्हणजे काय. या सरावाला तुईशोऊ म्हणतात. दोघं समोरासमोर, मनगट मनगटाला लागलेलं, एक ढकलतो, दुसरा ते वजन कुठून येतंय ते ओळखून वाट काढून देतो आणि परत देतो. आपल्याकडे ज्यांनी लाल मातीत खडाखडी बघितलीय, किंवा केलीय, त्यांना हे लगेच कळेल, डाव टाकायच्या आधी पैलवान एकमेकांच्या मानेवर, दंडावर हात टाकून जे चाचपतात, समोरच्याचं वजन टाचेवर आहे का चवड्यावर, तो दम रोखून उभा आहे का, तेच इथे वर्षानुवर्षं वेगळं काढून घोटलं जातं. त्यात मूळ चार गोष्टी, पेंग, ल्यू, जी आणि आन. पेंग म्हणजे हातात असा फुगीर ताण ठेवायचा की समोरच्याने दाबलं तर हात कोसळत नाही आणि कडकही होत नाही. ल्यू म्हणजे येणारं बळ अंगाजवळून वळवून मागे जाऊ देणं. जी म्हणजे दाबून आत घुसणं, आन म्हणजे खाली दाबत ढकलणं. त्यानंतरच्या चारांत खेचून उपटणं, फाकवणं, कोपर आणि खांदा येतात, म्हणजे जसजसं अंतर कमी होत जातं तसतसं. कोपराचा आणि खांद्याचा मार अगदी जवळून असतो आणि चांगला लागला तर माणूस उठत नाही. याच्या जोडीला सांधे पकडायचं काम आहे, पाय अडकवून पाडणं आहे, लांबलचक लाकडी काठी झटकायचा व्यायाम आहे, भाला आहे, तलवार आहे.

हळू फॉर्म कशासाठी तर या सगळ्यासाठी अंग बनवायला. हळू केलं की चोरी करता येत नाही. वेगात पाऊल टाकलं की तोल गेलेला लपतो, हळू टाकलं की लगेच कळतं की वजन अजून मागच्या पायावरून सुटलंच नाही. चेन स्टाइलमध्ये प्रत्येक हालचालीत एक पीळ असतो, पायापासून जांघेच्या सांध्यातून कंबर, पाठ, खांदा आणि हातापर्यंत पोचणारा, मग तोच पीळ उलटा. तो अंगात बसायला फार वेळ लागतो, आणि बसला की जोरात मारण्यासाठी वेगळी ताकद लावावी लागत नाही, तोच पीळ एकदम सोडायचा. नुसत्या दंडाच्या जोराने मारणाऱ्या माणसाचा हात आणि याचा हात, दोन्ही छातीवर घेऊन बघितल्याशिवाय हा फरक शब्दांनी कळत नाही.

आता त्या व्हिडिओकडे. २०१७ ला चेंगडूमध्ये शू शियाओडोंग या एमएमए फायटरने ताई ची शिकवणाऱ्या एका माणसाला वीस सेकंदांच्या आत संपवलं. माझं मत स्पष्ट आहे, त्यात अन्याय काही नव्हता. जो माणूस तोंडावर येणारे ठोसे रोज खात नाही, चुकवत नाही, तो ठोसे मारायची सवय असलेल्यासमोर हरणारच, त्याची स्टाइल कोणतीही असो. आमच्या क्षेत्रात असे शिक्षक आहेत जे स्वतःच्या शिष्यांना लांबूनच हात न लावता उडवून दाखवतात. शिष्य आदरापोटी उडतात, मग शिक्षकालाही ते खरं वाटायला लागतं. अशा क्लासमधून सरळ बाहेर पडा, फी परत मागत बसू नका.

दुसरा एक जुना सामना मात्र नक्की शोधून बघा, त्याचं फिल्म फुटेज आहे. जानेवारी १९५४, मकाऊ. ताई चीच्या वू घराण्यातले वू गोंगयी, वय त्रेपन्नच्या आसपास, आणि समोर त्यांच्यापेक्षा बरेच तरुण, व्हाइट क्रेन स्टाइलचे चान हाक-फू. सामना चॅरिटीसाठी होता, हजारो लोक बघायला. दोन राउंडमध्ये दोघांनी एकमेकांना मारलं, रक्त निघालं, आणि परीक्षकांनी सामना थांबवून कुणालाच विजयी ठरवलं नाही. बघितलं तर वाटेल की यात ना ताई ची दिसतंय ना क्रेन, दोघंही हात फेकतायत. पण पन्नाशी ओलांडलेला माणूस रिंगमध्ये उभा राहतो, मार खातो, मार देतो आणि पडत नाही, याला मी फार मान देतो. त्या सामन्याने हाँगकाँग इतकं पेटलं की काही दिवसांतच तिथल्या पेपरात युद्धकलांवरच्या कादंबऱ्या क्रमशः छापायला सुरुवात झाली आणि तिथून चिनी लोकप्रिय साहित्याची एक मोठी लाट आली. तुम्ही लहानपणी जे कुंग फूचे सिनेमे बघितले असतील त्यांची पाळंमुळंही बऱ्याच अंशी त्या लाटेत आहेत.

म्हणून तुमच्यासाठी माझा सल्ला असा. मुए थाई सोडू नका. तुम्हाला ठोसा, लाथ, अंतर, दम हे तिथे रोज मिळतंय आणि ते आमच्या बहुतेक क्लासमध्ये मिळत नाही. पण क्लिंचमध्ये तुम्ही मान धरून गुडघा मारता, समोरच्याला वळवून पाडता, तिथे तुईशोऊ तुम्हाला थेट कामी येईल. समोरचा कधी एका पायावर आलाय ते डोळ्यांनी बघून वेळ जातो, हाताला कळलं तर वेळ जात नाही. फक्त अपेक्षा नीट ठेवा, सुरुवातीचे कित्येक महिने तुम्हाला नुसतं उभं राहायला आणि वजन बदलायला लावतील आणि तुम्ही कंटाळाल. तुमचे खांदे गार्डच्या, म्हणजे तोंडासमोर हात धरायच्या, सवयीने वर राहत असतील, ते खाली आणायलाच बराच काळ जाईल. शिक्षक निवडताना एकच बघा, तो तुम्हाला स्वतःच्या अंगाला हात लावून जोरात ढकलू देतो का. देत असेल तर पुढचं बोला. तुम्ही खरंच प्रतिकार केलात तर त्याचा चेहरा बदलतो का तेही बघा.

गुडघ्यांबद्दल दोघांसाठीही. ताई ची करणाऱ्यांचे गुडघे दुखतात ही तक्रार खरी आहे आणि कारण जवळजवळ नेहमी एकच असतं, अंग वळवताना जांघेचा सांधा वळत नाही म्हणून गुडघा पिळला जातो. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेतच राहिला पाहिजे, आत पडता कामा नये. फोटोत छान दिसतं म्हणून खाली बसू नका, आधी उंच उभं राहून करा. दुखायला लागलं तर थांबा, दुखण्यातून पुढे जायचं हा नियम इथे चालत नाही.

बाबांचं. फिजिओथेरपिस्टने योग्यच सुचवलंय. २०१२ ला एका नामांकित अमेरिकन वैद्यकीय जर्नलमध्ये ओरेगनमधला अभ्यास आला होता, पार्किन्सन्सचे १९५ पेशंट, सौम्य ते मध्यम टप्प्यातले, तीन गट, एकाला ताई ची, एकाला वजनांचा व्यायाम, एकाला स्ट्रेचिंग, आठवड्यातून दोनदा एक-एक तास, २४ आठवडे. तोल सांभाळण्यात ताई चीचा गट दोन्ही गटांपेक्षा पुढे होता, पडणं स्ट्रेचिंगवाल्यांपेक्षा कमी झालं (वजनांच्या गटाच्या तुलनेत पडण्यात तसा ठोस फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं), आणि फायदा क्लास संपल्यावर तीन महिने टिकला होता. आजार याने बरा होत नाही, औषधं आणि फिजिओ चालूच ठेवायचे, आणि न्यूरोलॉजिस्टला विचारूनच सुरू करायचं. पण मला यात काही चमत्कार वाटत नाही, कारण पार्किन्सन्समध्ये माणूस पडतो तो बहुतेक वळताना आणि पाऊल छोटं पडताना, आणि फॉर्ममध्ये दुसरं काय करतो आपण, एका पायावर पूर्ण वजन नेऊन मगच दुसरा पाय मोकळा करून टाकतो आणि वळताना आधी पाय वळवतो.

त्यांच्यासाठी चेन स्टाइल घेऊ नका, यांगचा २४ किंवा त्यातल्या सात-आठ हालचालीच घ्या. पूर्ण फॉर्म पाठ व्हायलाच पाहिजे असा हट्ट नको, पाठ करायच्या ताणाने अंग आणखी आखडतं. औषधाचा असर चांगला असतो त्या वेळेत करायचं, रिकाम्या पोटी नाही, सपाट आणि न घसरणारे बूट, फरशी ओली नको, चटई नको. एका पायावर उभं राहायच्या हालचाली आणि लाथा वगळा. सुरुवातीला भिंतीच्या कोपऱ्यात पाठ करून उभं करा आणि समोर जड खुर्ची ठेवा, पुढे तोल गेला तर हात ठेवायला खुर्ची आणि मागे गेला तर भिंत. पहिले काही आठवडे फक्त डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे वजन नेणं, एवढंच.

आणि ते जमायला लागलं की तुम्ही समोर उभे राहा. त्यांच्या मनगटाला मनगट लावा आणि अगदी हलकं, बोटभर, ढकलत राहा, कधी उजवीकडून, कधी डावीकडून, आधी सांगून आणि मग हळूहळू न सांगता. त्यांनी पाय न उचलता ते वजन जिरवायचं आणि परत तुम्हाला द्यायचं. खुर्ची बाजूला तशीच असू दे आणि मागची भिंतही. पाच मिनिटं पुरे, थकायच्या आधी थांबायचं, आणि थरथर वाढलेली दिसली तर त्या दिवशी बंद. तुम्हालाही तुईशोऊ यातूनच समजायला लागेल, कारण ज्याला पाडायचं नाहीये त्याला पडू न देता ढकलायचं तर त्याचं वजन कुठे आहे ते तुम्हाला प्रत्येक क्षणी हाताने कळत राहावं लागतं.